रसवाहिनी, परिकाष्ठ की अधोवाहिनी?

प्रश्न असा आहे : पानांत तयार झालेली साखर वनस्पतीच्या इतर भागांकडे नेणाऱ्या ऊतीला शालेय पुस्तकांत ‘रसवाहिनी’ म्हणतात आणि विश्वकोशात ‘परिकाष्ठ’, मग पाणी वर चढते व साखर खाली उतरते हा फरक ध्यानात राहावा म्हणून ‘अधोवाहिनी’ हा शब्द वापरला तर चालेल का?

माझ्या मते चालणार नाही, कारण त्या शब्दातली दिशाच अनेकदा चुकीची ठरते. ज्वारीच्या कणसात दाणा भरू लागतो तेव्हा वरच्या पानांतली साखर आणखी वर जाते. बटाट्यात ती खाली कंदाकडे जाते खरी, परंतु तोच बटाटा बेणे म्हणून लावला की साठलेल्या पिठुळ पदार्थाची पुन्हा साखर होऊन ती वर कोंबाकडे निघते. साखर जिथे तयार होते किंवा सुटी होते तिथून, ती जिथे खर्ची पडते किंवा साठते तिकडे, एवढाच या वाहतुकीचा नियम. एर्न्स्ट म्युंख या जर्मन शास्त्रज्ञाने १९३० मध्ये मांडलेली उपपत्ती अशी, की नलिकेत साखर भरली गेली की शेजारच्या जलवाहिनीतले पाणी आत शिरून तिथला दाब वाढतो, साखर काढून घेतली जाते तिथे तो उतरतो आणि या फरकामुळे रस पुढे ढकलला जातो. हा दाब इतका असतो, की मावा रस शोषत असताना त्याची सोंड तशीच रुतलेली ठेवून किडा कापून काढला तरी सोंडेतून रस पाझरत राहतो. ज्वारीवर पडणारा चिकटा म्हणजे माव्याने न पचवता बाहेर टाकलेली हीच साखर.

‘परिकाष्ठ’ म्हणजे काष्ठाभोवतीचे. द्राक्षवेलीला हा शब्द नेमका लागू पडतो. बागायतदार गर्डलिंग करताना ही ऊती जिच्यात असते त्या सालीचे अरुंद कडे काढतात तेव्हा आतल्या काष्ठातून पाणी चढत राहते, पण साखरेची मुळांकडची वाट जखम भरेपर्यंत बंद होते आणि ती घडांना मिळते. ऊस मात्र गवताच्या कुळातला. त्याच्या कांड्यात वाहक जुडगे (जलवाहिनी व रसवाहिनी यांचे एकत्र गुच्छ) विखुरलेले असल्याने तिथे ‘परि’चा शब्दशः अर्थ लागत नाही. शिवाय ‘प्रकाष्ठ’ (म्हणजे जलवाहिनी) आणि ‘परिकाष्ठ’ ही जोडी मुद्रितशोधकाचा अंत पाहणारी आहे.

‘रसवाहिनी’तही एक उणीव आहे. वाहिनी म्हटल्यावर पोकळ नळी डोळ्यांसमोर येते. जलवाहिनीच्या मृत पेशींना ते वर्णन शोभते, पण रसवाहिनीतल्या चाळणीनलिकांच्या पेशी केंद्रक नसूनही जिवंत असतात आणि शेजारच्या सहपेशींच्या आधारावर चालतात. तरीही सर्वसाधारण लेखनात मी ‘जलवाहिनी–रसवाहिनी’ हीच जोडी वापरेन आणि शास्त्रीय लेखात ‘परिकाष्ठ’ लिहून पहिल्या उल्लेखाशी कंसात ‘रसवाहिनी’ देईन.

आणि ‘साखर’ हा शब्द बिनदिक्कत वापरावा. बहुतेक वनस्पतींत या नलिकांतून मुख्यतः सुक्रोज वाहते, ग्लुकोज नव्हे, आणि आपल्या डब्यातली साखरही सुक्रोजच असते.