गौरीचे जेवण, पुरणपोळी आणि मधुमेह

प्रश्न : आमच्या घरी ज्येष्ठा गौरींच्या पूजनाला पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्यांची एकत्र भाजी, कोशिंबिरी, भजी, कुरडया, मसालेभात आणि खीर असा सगळा स्वयंपाक असतो. आरती होऊन पाने मांडेपर्यंत अडीच वाजतात. सासरे ६८ वर्षांचे असून त्यांना १० वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी नाश्त्याच्या वेळी ते ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी घेतात. गेल्या वर्षी त्यांना वेगळे, बिनगोडाचे पान वाढले, तर ते काही न बोलता अर्ध्या जेवणावरून उठले. यंदा काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : यंदा त्यांचे पान सगळ्यांबरोबरच मांडा आणि त्यात पुरणपोळीही वाढा. मला काळजी वाटते ती पोळीपेक्षा अडीच वाजण्याची. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि पोटात अन्न नसले तरी तिचे काम थांबत नाही. सणाच्या सकाळी गोळी नेहमीप्रमाणे घेतली जाते, नाश्ता मात्र ‘नैवेद्य व्हायचा आहे’ म्हणून कपभर चहावर भागवला जातो, आणि दुपारी साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. माझ्या आत्याच्या हातातले आरतीचे तबक असेच थरथरू लागले होते. कपाळावर घाम आला होता आणि शेजारी उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना ते उकाड्यामुळे आहे असे वाटले. थरथर, घाम, एकाएकी लागलेली भूक, बोलण्यातला गोंधळ यांपैकी काहीही दिसले, तर साखर तपासावी. ती ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, किंवा यंत्र हाताशी नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायला द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. अशा वेळी हाताशी आहे म्हणून पेढा किंवा पुरणपोळी देऊ नये, कारण त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे.

म्हणून त्या दिवशी त्यांना सकाळचा नाश्ता नेहमीच्या वेळी द्या आणि आरती लांबणार असे दिसले, तर मध्ये मूठभर फुटाणे व एखादे फळ द्या. देवीच्या आधी खाणे त्यांना रुचणार नसेल, तर देवघरात दूध-फळाचा छोटा नैवेद्य सकाळीच दाखवता येईल. गोळीची वेळ किंवा मात्रा बदलायची असल्यास ते आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून ठरवा. ‘आज गोड आहे’ म्हणून आपल्या मनाने जास्तीची गोळी घेणे कटाक्षाने टाळावे.

आता पानाविषयी. आपले पारंपरिक पान मधुमेहाच्या दृष्टीने मुळात चांगले आहे, कारण त्यात भाज्या आणि कोशिंबिरी भरपूर असतात. फक्त त्या चमचाभर वाढल्या जातात आणि पोळीवर पोळी पडत राहते. सोळा भाज्यांची भाजी आणि काकडीची कोशिंबीर त्यांना वाटीभर वाढा आणि ती आधी संपवायला सांगा. भाज्यांतला चोथा आणि डाळीतली प्रथिने आधी पोटात गेली, की मागून येणाऱ्या पोळीची साखर रक्तात सावकाश चढते. पोळी एक मध्यम, कणकेची, वर चमचाभर तूप. ती घेतल्यावर मसालेभात दोन घास आणि खीर नाही, असा हिशोब ठेवावा. कटाच्या आमटीला कोणतीही आडकाठी नाही, मात्र तीत गूळ घालू नका. जेवणानंतर लगेच आडवे न होता १५ मिनिटे अंगणात फिरावे आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी साखर तपासावी. ती साधारण १८० च्या आत असणे चांगले. वाढणाऱ्या सुनांना आणि पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा, कारण ‘माझ्या हातची एक तरी घ्या’ हा आग्रह सासऱ्यांना मोडवणार नाही.

प्रश्न : पुरणात साखर न घालता फक्त गूळ घातला, तर मधुमेह असलेल्यांना पोटभर चालते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. गुळात थोडी खनिजे असली तरी त्याचा मोठा भाग साखरच असतो. पाव किलो डाळ आणि पाव किलो गुळात साधारण १० ते १२ पोळ्या होतात, म्हणजे एका पोळीत २० ते २५ ग्रॅम, जवळपास चार-पाच चमचे गूळ येतो. डाळीच्या पाऊणपट गूळ घेतला तरी पुरण छान जमते आणि जायफळ-वेलदोडे सढळ हाताने घातले, तर गोडाची उणीव फारशी जाणवत नाही. उरलेल्या पोळ्या मात्र त्याच दिवशी शेजारीपाजारी वाटून टाका, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पोळ्या दुधाबरोबर नाश्त्याला येतात आणि तेव्हा पानात ना भाजी असते, ना कोशिंबीर.