‘क्वाइदान’ की ‘काइदान’? आणि मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा: जपानी दिग्दर्शक मासाकी कोबायाशीच्या १९६४च्या चित्रपटाचं नाव ‘क्वाइदान’ लिहावं की ‘काइदान’, आणि त्याला मराठीत ‘भूतकथा’ म्हटलं तर चालेल का?

आजच्या प्रमाण जपानीत उच्चार ‘काइदान’ असाच होतो. ‘क्वा’ जुना, बहुतेक ठिकाणी तो मागे पडला, पण काही बोलींत रेंगाळला. जपानी गोष्टी इंग्रजीत लिहिणाऱ्या लाफ्काडिओ हर्नने १९०४ साली आपल्या पुस्तकाच्या नावात हाच जुना उच्चार ठेवला. त्याला गोष्टी सांगणारी त्याची पत्नी सेत्सु इझुमो प्रांतातल्या मात्सुएची, आणि तिकडे ‘क्वा’ टिकून होता. चित्रपट हर्नच्या गोष्टींवरूनच घेतलेला, आणि परदेशी गेला तोही त्याच्याच स्पेलिंगने. तेव्हा चित्रपटासाठी ‘क्वाइदान’ आणि या कथाप्रकारासाठी ‘काइदान’ लिहावं, असं माझं मत. (जपानीत जिन्यालाही ‘काइदान’च म्हणतात, पण त्याची चिन्हं वेगळी. आपल्या दानधर्माशी मात्र दोन्हींचा काही संबंध नाही.)

आता ‘भूतकथा’. ‘काइ’ म्हणजे विलक्षण, अनाकलनीय. ‘दान’ म्हणजे सांगणं, कथन. यात भूत कुठेच नाही! चित्रपटातल्या चारपैकी तीन गोष्टी पाहा. होइची या आंधळ्या बिवावादकाला (बिवा म्हणजे जपानी तंतुवाद्य) ऐकायला येतात ते ११८५च्या दान-नो-उराच्या लढाईत मेलेले हेइके घराण्यातले लोक. ती भुतं खरीच. त्यांच्यापासून वाचवायला त्याच्या अंगभर हृदयसूत्र हे बौद्ध सूत्र लिहितात आणि कान तेवढे राहून जातात. पण ‘युकी-ओन्ना’, म्हणजे हिमस्त्री, कुणा मेलेल्या बाईचं भूत नव्हे. साती आसरांना आपण सहसा भूत म्हणत नाही, तसंच ते. चहाच्या पेल्यात परका चेहरा दिसणाऱ्या गोष्टीत तर तो माणूस जिवंत की मेलेला, हेही कळत नाही.

‘गूढकथा’ म्हटलं की मराठी वाचकाला रहस्याची उकल हवी असते, आणि ती इथे मिळत नाही. ‘भयकथा’ परिणामावरून पडलेलं नाव आहे, विषयावरून नव्हे. मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते साधं ‘भुताखेतांच्या गोष्टी’. त्या सैल जोडशब्दात वेताळापासून हडळीपर्यंत सगळे मावतात, आणि ‘गोष्टी’मुळे ‘दान’मधलं सांगणंही उरतं. समीक्षेत ते फार घरगुती वाटलं, तर ‘अद्भुतकथा’ लिहा. फक्त तिथे परीकथेची छटा येते, तेव्हा पहिल्यांदा वापरताना एका वाक्यात खुलासा करावा.