ऑफिसच्या शेअर्ड ड्राइव्हवरची (विंडोज सर्व्हर) फाइल चुकून डिलीट झाली, रिसायकल बिनमध्येही नाही. परत मिळेल का?

मिळू शकते, पण सर्व्हरवर शॅडो कॉपी (ठरावीक वेळी आपोआप जपून ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती) आधीपासून चालू असेल किंवा बॅकअप असेल तरच. नेटवर्कवरून उडवलेली फाइल तुमच्या पीसीच्या रिसायकल बिनमध्ये जातच नाही, थेट सर्व्हरवरून पुसली जाते. त्यामुळे तिथे शोधू नका. फाइल ज्या फोल्डरमध्ये होती त्यावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग प्रीव्हियस व्हर्जन्स. डिलीट होण्याआधीची तारीख-वेळ निवडून 'ओपन' करा आणि हवी तेवढीच फाइल कॉपी करून घ्या. 'रिस्टोर' मात्र अजिबात दाबू नका: अख्खा फोल्डर मागे जातो आणि सहकाऱ्यांनी त्यानंतर केलेले बदल जुन्या प्रतींखाली गाडले जातात. मूळ सेटिंगमध्ये प्रती सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ आणि दुपारी १२ लाच निघतात. म्हणजे दुपारी १ ला बनवून ३ ला उडवलेली फाइल त्यात सापडणार नाही. शिवाय एका व्हॉल्यूमवर (सर्व्हरच्या डिस्कच्या एका भागावर) जास्तीत जास्त ६४ प्रती राहतात, जागा संपली तर त्याआधीच जुन्या जातात. म्हणून आजच बघा. यादी रिकामी दिसली तर लगेच अ‍ॅडमिनला बॅकअपमधून काढायला सांगा. रिकव्हरी सॉफ्टवेअर तुमच्या पीसीवरून मॅप केलेल्या ड्राइव्हवर चालत नाही. विंडोज सर्व्हरऐवजी सिनॉलॉजी कंपनीचा नॅस (नेटवर्कवर फाइली ठेवायचं यंत्र) असेल तर आधी शेअरमधलं '#रिसायकल' फोल्डर उघडा, अर्थात ती सोय चालू ठेवलेली असेल तर.