डुक्कर आता स्पीकरला भीत नाही : खानापूर-बेळगाव-निपाणी भागातल्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या महिनाभरात कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात आणि फोनवर जेवढे प्रश्न आले त्यातले निम्मे जनावरांचे. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. खत-पेरणीतलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, ते सोडून देतो.

जांबोटीकडून एकानं विचारलंय, वाघाच्या डरकाळीचं मशीन आणलं, पहिले आठ दिवस रताळ्यात एक डुक्कर फिरकलं नाही, आता रोज येतात, मशीन बिघडलंय का?

मशीन धड आहे, डुक्कर शहाणं झालंय. असंच एक शेत मी स्वतः बघून आलोय. स्पीकर बांबूला बांधलेला, रात्रभर दर पाच मिनिटांनी डरकाळी, आणि सकाळी बघतो तर त्याच बांबूला गुडघ्याएवढ्या उंचीवर ओला चिखल थापलेला, चिखलात काळे राठ केस चिकटलेले. डुकरानं डरकाळी ऐकत ऐकत बांबूला अंग घासून खाज भागवली होती की! वाघ ओरडतो पण येत नाही, त्याचा वास येत नाही, पाऊल दिसत नाही, मग त्याला वाघ कोण म्हणणार. कळप म्हातारी मादी चालवते, ती जिथं बिनधास्त घुसते तिथं मागची सगळी पिल्लं घुसतात, त्यामुळं एकीनं शिकलं की अख्खा कळप शिकला असं समजा.

आता दुकानदार काय सांगतो? आवाज वाढवा, दुसरं मशीन घ्या. घेऊ नका. त्याच आवाजाचा डोस वाढवला म्हणजे सवय जास्त पक्की होते, एवढंच. आणि लावायची वेळ चुकते ती वेगळीच, लावण झाली की लगेच मशीन चालू! अहो तेव्हा रताळ्यात खायला आहे काय? दोन महिने रिकाम्या शेतात वाघ ओरडवायचा आणि गड्डा धरायच्या वेळेला डुक्कर त्याला सरावलेलं. रताळ्यात गड्डा धरायला लागल्यावर, भातात दूध भरताना, भुईमुगात शेंगा पोसताना, तेवढेच दिवस लावा. रोज जागा बदला, तीन-चार दिवसांनी प्रकार बदला, आज आवाज, मग चार दिवस उजेड, मग वास, मग माणूस. एकच गोष्ट आठवडाभर तशीच ठेवली की ती गेली कामातनं.

वासासाठी सडक्या अंड्याचं द्रावण लिटरला 20-25 मिली घ्या आणि बांधाकडेच्या जमिनीवर फूटभर रुंद पट्टा ओला करा, पिकावर मारायचं नाही. पाऊस झाला की परत मारायचं. न्हाव्याकडचे केस टाकतात तेपण चालतं, चार दिवस. रब्बी-उन्हाळी भुईमुगाला मात्र कडेनं करडईच्या, म्हणजे आपल्या कुसबीच्या, चार ओळी घालाच. काटे टोचतात आणि आतल्या भुईमुगाचा वास त्याच्या नाकापर्यंत नीट पोचत नाही, वर तेलाला बी मिळतं. मक्याला कडेनं एरंड. हे मी दहा वर्षं सांगतोय, करणारे थोडेच, कारण कुसबी कुठल्या दुकानात कमिशनवर मिळत नाही.

पण माझ्या मते खरा इलाज फिरती पाळी. शिवारातल्या दहा-बारा जणांनी एकाच आठवड्यात लावण करायची, रताळी एकगठ्ठा एका अंगाला, आणि त्या वीस-पंचवीस रात्री दोघा-दोघांनी पाळीनं जागायचं, तेपण रोज वेगळ्या वाटेनं आणि वेगळ्या वेळेला. दहाला एक फेरी मारून झोपणार असाल तर डुक्कर अकराला येतं, ते घड्याळ त्याला कळतं. 2018 साली 62 जातींच्या सस्तन प्राण्यांवरच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला तेव्हा हेच निघालं, माणसाची वर्दळ वाढली की जनावरं आपला कारभार रात्रीवर ढकलतात. तुमच्या आजोबांना डुक्कर तिन्हीसांजेला दिसायचं, तुम्हाला दीड वाजता दिसतं.

निपाणी-चिक्कोडीकडून विचारतात, आमच्याकडं जंगलच नाही, डुकरं आली कुठनं?

उसातनं. बारा महिने सावली, पाणी, खायला कांड्या, पिल्लं घालायला अडचण. आता तिथंच जन्मलेली डुकरं तिथंच व्यायतात, एका वेताला चार-सहा पिल्लं, त्यांनी जंगल बघितलेलंच नाही. बिबट्यानंपण हेच केलंय, जुन्नर-अकोले भागात उसात पिल्लं सापडतात, आणि 2022 च्या ऑगस्टमध्ये बेळगावात गोल्फ कोर्सवर बिबट्यासाठी हत्ती आणून शोध घेतला तरी सापडला नाही ते तुम्हाला आठवत असेल. उसात बिबट्याची पिल्लं दिसली तर हात लावू नका, फोटो काढायला उचलू नका, तोड थांबवा आणि फॉरेस्ट खात्याच्या 1926 नंबरला फोन करा. आई आसपासच असते. तोड करताना अजून एक, चारी बाजूंनी आत तोडत येऊ नका, शेवटच्या चार गुंठ्यांत कोंडलेलं डुक्कर माणसाच्या अंगावर येतं. एका बाजूनं तोडा, आणि शेजाऱ्याला आधी सांगा, कारण तुमच्यातनं निघालेला कळप रात्री त्याच्या शाळूत जाणार.

आता जे प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात ते. तीन जणांनी विचारलंय, थिमेट पुड्या बांधून कुंपणाला लावू का, दुकानदार म्हणतो गॅरंटी. थिमेट म्हणजे फोरेट हे कीटकनाशक, त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. जो देतोय तो जुना किंवा चोरीचा माल देतोय आणि पावतीपण देत नाही, मागून बघा. पूर्वी शेतीचा सल्ला देणाऱ्या आमच्याच लोकांनी ह्या पुड्या सांगितल्या होत्या, ते मी नाकारत नाही, पण आता नाही म्हणजे नाही. ओढ्याला जनावर पाणी पितं, पोरं मासे धरतात.

आणि करंट. मोटरच्या बॉक्समधनं किंवा लाईनवर आकडा टाकून तारेत सरळ करंट सोडायचा नाही. नाही. नाही. डुक्कर मरायच्या आधी पाणी पाजायला गेलेला तुमचा भाऊ मरतो, आणि पुढं कोर्टकचेरी. झटका मशीनच वापरा, ते सेकंदाला एकदा क्षणभर झटका देतं, हिसका बसतो, जीव जात नाही. खालची तार जमिनीपासून वीतभर, दुसरी हातभर. जास्त वर नेलीत तर डुक्कर नाक खाली घालून जातं. गवत तारेला टेकलं की झटका मेला, म्हणून आठवड्याला बांध साफ, अर्थिंगला पाणी. तारही पीक चाखायच्या आधी ओढायची. एकदा रताळं तोंडात गेलेलं डुक्कर झटका सोसून आत जातं, चवीपुढं त्याला दुखणं कळत नाही.

गावठी बॉम्बबद्दल विचारणाऱ्यानं परत फोन करू नये. 2020 साली केरळात असल्याच फळातल्या स्फोटकानं गाभण हत्तीण मेली, अख्ख्या देशानं बघितलं.

लोंढ्याकडचा एक चांगला प्रश्न आलाय. बिनदाताचा हत्ती बघितला, रोग आहे का? रोग नाही. आपल्याकडं हत्तिणीला सुळे बाहेर दिसतच नाहीत, आणि काही नरपण तसेच जन्मतात, त्यांना मखना म्हणतात. पण आफ्रिकेतलं ऐका, तिथं माद्यांनापण सुळे असतात. मोझांबिकमध्ये 1977 ते 1992 यादवी चालली, गोरोंगोसाच्या जंगलात हस्तिदंतासाठी हत्ती मारले, सुळेवाले गेले, बिनसुळ्याच्या वाचल्या, त्यांच्याच लेकी वाढल्या. बिनसुळ्याच्या माद्या साडेअठरा टक्के होत्या त्या जवळजवळ 51 टक्के झाल्या. कुठल्या हत्तिणीनं ठरवलं नव्हतं की आपण सुळे नको वाढवूया. मारणाऱ्यानं निवड केली, पिढीनं ती उचलली. डुक्कर करतं ते शिकणं, एका जन्मातलं. हे दुसरं, रक्तातलं, आणि ते परत फिरायला पिढ्या लागतात.

हे एवढं सविस्तर सांगितलं ते कडोलीच्या कोबीवाल्यांसाठी. तुम्ही म्हणता ठिपक्याची अळी, डायमंडबॅक, औषधाला दाद देत नाही, दुकानदारानं डोस डबल करायला सांगितलं. तुमच्या पंपानं तेच केलंय जे तिथं बंदुकीनं केलं. शंभर अळ्यांतल्या अठ्ठ्याण्णव मेल्या, दोन ज्यांना ते औषध पचतं त्या राहिल्या, त्यांचंच बियाणं पुढं. उन्हाळ्यात तीन आठवड्यांत एक पिढी, म्हणजे एका कोबीत चार पिढ्या. हीच अळी 1953 साली जावा बेटावर डीडीटीला पुरून उरली, आणि तुम्ही तिला डबल डोसनं घाबरवणार? डबल डोस नको. दोन औषधं एकत्र कालवून नको. एकच औषध सलग नको, आणि नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं नाही, बाटलीवर घटक वाचा, दुकानदार एकच घटक तीन नावांनी देतो. कोबीच्या 25 ओळींमागं मोहरीच्या दोन ओळी घाला, एक लागणीच्या 15 दिवस आधी, दुसरी लागणीनंतर 25 दिवसांनी. ह्या अळीचा पतंग मोहरीवर अंडी घालतो, तिथंच मारा. कोबीवर आधी निंबोळी अर्क, तोपण संध्याकाळी.

भातातला उंदीर. झिंक फॉस्फाईड ठेवलं, दोन मेले, बाकीचे शिवत नाहीत, जास्त घालू का? जास्त घातलंत तर लसणासारखा वास येतो आणि उंदीर लांबूनच ओळखतो. जो थोडं खाऊन आजारी पडून वाचला तो महिना-महिना त्या आमिषाकडं बघत नाही. आधी दोन-तीन दिवस बिनविषाचा तेल लावलेला भरडा बिळापाशी ठेवा, खाऊ दे, विश्वास बसू दे, मग शंभरात दोन भाग औषध, एकदाच. हाताला मोजे घाला, मेलेले उंदीर पुरा, कुत्री-घुबडं खातात. त्यानंतर परत तेच नको, राहिलेल्यांना ब्रोमॅडिओलोन. आणि पेरणीआधी बांध छाटा, रुंद बांध म्हणजे उंदराचं अपार्टमेंट.

माकडं-वानरं : फटाके दोन दिवस. खायला घालणारे आधी थांबवा, देवळापाशी केळी देता आणि केंद्रात तक्रार घेऊन येता.

भरपाई : गवा, हत्ती, डुक्कर, सगळ्याला फॉरेस्ट खात्याकडं अर्ज, ई-परिहार ह्या सरकारी पोर्टलवर चढतो. उतारा, आधार, पासबुक, नुकसानीचे फोटो. पीक काढायच्या आधी पंचनामा. पीकविम्यात जनावरांचं नुकसान खरीप 2026 पासून घेणार असं केंद्र सरकारनं जाहीर केलंय, पण राज्यानं जिल्हा आणि जनावरं नोटिफाय करायला लागतात, आणि कळवायला 72 तास. फॉर्म कन्नडात असतो म्हणून सोडून देऊ नका, सोमवारी या, भरून देतो. मोबाईलमध्ये फोटो तारखेसकट काढा, व्हॉट्सअपवरून फिरून आलेला फोटो चालत नाही.