मुलगी 17 वर्षांची आहे, फुटबॉलची रेफरी व्हायचं म्हणते. लहान मुलांच्या मॅचमध्ये काय अनुभव येतात? पाठवावं का?

पाठवा.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की पोरांचे पालक आणि कोच रेफरीच्या अंगावर येतात असं ऐकलंय, म्हणून भीती वाटते. ते खरं आहे. माझ्याही अंगावर आले होते. तेव्हा मी 19 वर्षांची होते, रेफरीची परीक्षा पास होऊन चार महिने झाले होते, आणि त्या दिवशी चूक माझीच होती. तीन वर्षं झाली, त्या एका दिवसावरून आमच्या घरात अजून वाद चालतो. तुमचा प्रश्न वाचला आणि सगळं पुन्हा वर आलं, म्हणून लिहायला बसले.

मी कोल्हापूरची. इथला फुटबॉल काय आहे ते वेगळं सांगायला नको. पेठांचे तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवरची गर्दी, एका गोलवरून चार-चार दिवस चालणारी भांडणं. चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, तालमीकडून खेळलेला, मी शाळेच्या टीममध्ये हाफला खेळायचे. 2017 ला 17 वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला आणि आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यात खेळला, म्हणून आमची गल्ली झाडून सगळ्या मॅच बघत होती. त्यात एक मॅच कोलकात्याला होती, जपान आणि न्यू कॅलेडोनियाची. शिट्टी स्वित्झर्लंडच्या एस्थर स्टाउब्ली यांच्या हातात होती. फिफाच्या पुरुषांच्या स्पर्धेत बाई मुख्य रेफरी असण्याची ती पहिलीच वेळ. मी बॉल सोडून त्यांच्याकडेच बघत बसले, त्या कुठून पळतात, कुठं थांबतात, पोरं भोवती जमली की हात कसा करतात. माझं तेव्हाच ठरलं.

आता तो दिवस. 2022 चा पावसाळा, शाळाशाळांची 14 वर्षांखालची स्पर्धा, सेमीफायनल, 25-25 मिनिटांची मॅच. सकाळपासून झिरझिर चालू होती. फक्कीच्या रेषा निम्म्या वाहून गेलेल्या, जाळी सुतळीनं बांधलेली, गोलपुढं नुसता चिखल. लाइनला फ्लॅग घेऊन दोन्ही शाळांचा एकेक राखीव पोरगा उभा, म्हणजे सगळं मलाच बघायचं होतं. स्कोअर 0-0 आणि शेवटची दोन मिनिटं.

डावीकडून कॉर्नर आला. गोली पुढं आला आणि त्याचा अंदाज चुकला. नऊ नंबरच्या पोरानं बॉल सरळ गोलकडं मारला. रेषेवर स्टॉपर, म्हणजे बचावातला मधला पोरगा, एकटा उभा होता. त्यानं डावा हात बाहेर काढला, बॉल कोपराखाली लागून वर उडाला, आणि मी शिट्टी मारली. शिट्टी तोंडातच होती माझ्या. बॉल खाली पडला, चिखलात फिरला, आणि हळूहळू रेषा ओलांडून आत गेला.

अर्धा सेकंद. मी अर्धा सेकंद थांबले असते तर तो गोल होता.

एकीकडची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारतायत, दुसरीकडची ओरडतायत, “शिट्टी आधी झालीया!” दोन्ही बाजूंचं बरोबर होतं. शिट्टी वाजली की खेळ मेला, त्यानंतर बॉल कुठंही जाऊ दे. मी पेनल्टी दिली. आणि स्टॉपरनं हातानं गोल अडवला होता, म्हणून लाल कार्ड. ते काढताना माझा हात खिशातच अडकला, कापड ओलं झालं होतं. पोरगं 13 वर्षांचं, मोजे खाली घसरलेले, गुडघ्यापर्यंत चिखल. वाद घातला नाही त्यानं. कार्डकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि विचारलं, “ताई, म्हणजे मी परत नाही यायचं?”

माझ्या अर्ध्या सेकंदानं काय काय झालं बघा. शिट्टी मारली नसती आणि गोल झाला असता, तर नियमानुसार त्या स्टॉपरला फक्त पिवळं कार्ड बसलं असतं. गोल अडवला म्हणून लाल, अडवायचा प्रयत्न केला पण गोल झाला तर पिवळं. म्हणजे त्याचं लाल कार्ड निम्मं माझं होतं. पेनल्टी घ्यायला नऊ नंबरच आला, पाय घसरला, गोलीनं बॉल पायानं अडवला. मॅच टायब्रेकरला गेली, म्हणजे दोन्ही टीमनी आळीपाळीनं पेनल्टी मारायच्या. एक टीम दहाची झाली असली की टायब्रेकरच्या आधी दुसरीलाही एक पोरगा कमी करावा लागतो, आणि तो कोण हे त्यांच्या कोचनं ठरवायचं असतं. सरांनी नऊ नंबरलाच बसवलं. ज्याचा गोल माझ्या शिट्टीनं घालवला, ज्याची पेनल्टी हुकली, तोच पोरगा मैदानाबाहेर उभा राहून आपल्या टीमला 4-3 नं हरताना बघत होता.

मॅच संपल्यावर पालक आत आले. कोच सर पुढं, मागं आठ-दहा माणसं. सरांनी विचारलं, “शिट्टी आधी का गोल आधी, तेवढं सांगा.” मी म्हटलं, “शिट्टी आधी. थांबायला पाहिजे होतं, थांबले नाही. चूक माझी.”

त्यानंतर जे झालं ते तुमच्या काळजीतलं. “चूक झाली म्हणतीस तर मग गोल दे की!” असं एकानं सुरू केलं आणि मग सगळेच. माझ्या वयावरून, मी मुलगी असण्यावरून, जे तोंडाला येईल ते. संयोजकांनी मला जाळ्या आणि कोन ठेवायच्या खोलीत नेलं, तिथं मी पाऊण तास बसले. बाहेर आले तर गाडीच्या दोन्ही चाकांतली हवा सोडलेली. दिवसभराच्या तीन मॅचचे 600 रुपये मिळाले होते, त्यातलेच पंक्चरवाल्याला दिले.

पण खोलीत जायच्या आधी मी एक काम केलं होतं. नऊ नंबर कंपाउंडजवळ उभा होता आणि त्याचे वडील त्याला सगळ्यांसमोर बोलत होते, “एवढी पेनल्टी मारता येईना तुला.” मी गेले आणि त्या पोरालाच सांगितलं, “तुझा गोल चांगला होता. माझी शिट्टी लवकर वाजली, त्यामुळं तो मोजता आला नाही.” वडील माझ्यावर ओरडायला लागले. ओरडू देत. पोराला बोलायचे तरी थांबले.

घरी आले तर दादाला सगळं आधीच कळलेलं. कोल्हापूर केवढं ते. तो म्हणाला, “गोल देऊन टाकायचा. शिट्टी आन् गोल एकदमच झालं म्हणायचं, कोण मोजतंय? आणि ते जमलं नाही तर निदान चुकले म्हणायचं नाही. रेफरी एकदा चुकले म्हणाला की मैदान त्याचं राहत नाही.” हे वाक्य मी तीन वर्षं ऐकतेय. दिवाळीला, गणपतीत, पाहुणे आले की त्यांच्यासमोर. प्रत्येक वेळी मी अर्धवट काहीतरी बोलून उठून जाते. आज नीट लिहिते.

गोल का दिला नाही? त्या गोलीसाठी. शिट्टी ऐकून त्यानं हात खाली घेतले होते, मी बघितलं होतं. बॉल हळू जात होता, तो झेप घेऊन पोचलाही असता. तो माझ्या शिट्टीमुळं थांबला. मीच थांब म्हणायचं आणि थांबला म्हणून त्याच्यावर गोल द्यायचा, हे मी करणार नाही. प्रेक्षकांतलं कुणी मोजत नव्हतं हे खरं, पण मैदानावरच्या बावीस पोरांनी शिट्टी ऐकली होती. मोठ्यांच्या मॅचमध्ये काय चालतं ते त्यांना अजून माहीत नाही. ते माझ्याकडून शिकणार होते.

आणि चूक कबूल का केली? नऊ नंबरसाठी. मी गप्प बसले असते तर त्या मॅचचा सगळा भार त्या एका पोराच्या हुकलेल्या पेनल्टीवर गेला असता. वर्षभर शाळेत त्याला तेच ऐकवलं असतं. त्यातला माझा वाटा माझ्याकडं यायलाच पाहिजे होता. दादा म्हणतो रेफरीचा दरारा जातो. आमच्या घरात वडील अजून क्रिकेटचे अंपायर स्टीव्ह बकनरला शिव्या घालतात, सचिनला 2003 ला ब्रिस्बेनला आणि 2005 ला कोलकात्याला चुकीचं आउट दिलं म्हणून. बकनर यांनी ते चुकलं असं उघड म्हटलं 2020 ला. मला वाटतं त्याच दिवशी संध्याकाळी म्हटलं असतं तर वडिलांचा राग एवढा टिकला नसता. माझं म्हणाल तर त्याच शाळेची मॅच पुढच्या वर्षी मी केली. तेच सर होते. दुसऱ्या हाफमध्ये एका ऑफसाइडवर त्यांची पोरं ओरडायला लागली तर सरच म्हणाले, “गप्प बसा, त्या चुकल्या तर सांगतात.”

लाल कार्डवाला पोरगा मला फायनलला भेटला. पुढची एक मॅच बाहेर हा स्पर्धेचा नियम, म्हणून तो शाळेच्या गणवेशात पाण्याच्या बाटल्यांची पिशवी घेऊन लाइनजवळ बसला होता. मला राहवलं नाही. मी त्याला सांगितलं की मी थांबले असते तर तुला पिवळंच बसलं असतं आणि आज तू खेळला असतास. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, “पण ताई, मग आम्ही हरलो असतो. फायनलला कोणच आलं नसतं.” आणि बाटल्या घेऊन आपल्या टीमकडं पळाला. दादाला हे सांगितलं तर तो म्हणतो बघ, पोरगं तुझ्यापेक्षा शहाणं आहे. असेल.

आता तुमच्या मुलीसाठी. शिट्टी तोंडात ठेवून पळू नको म्हणावं, बोटात धरायची. हात तोंडापर्यंत यायला जो वेळ लागतो तेवढ्यात बॉल कुठं जातोय ते दिसतं. थांबल्यानं काही बिघडत नाही, अॅडव्हांटेज दिला, म्हणजे फाउल होऊनही खेळ चालू ठेवला, आणि दोन-तीन सेकंदांत काही झालं नाही तर मागं येऊन मूळचा फाउल देता येतो. मला हे परीक्षेला येत होतं, लिहिलंही होतं, पण पायात भिनायला ती मॅच जावी लागली. वहीला प्लॅस्टिक आणि पेन्सिल, पावसात बॉलपेन चालत नाही. 2019 पासून कोचला आणि राखीव बाकावरच्या माणसांनाही कार्ड दाखवता येतं, तेव्हा तिनं ते दाखवावं, वय बघू नये. पालकांना कार्ड नसतं, पण ते आत आले तर मॅच थांबवायचा अधिकार रेफरीचा असतो आणि तो वापरायचा असतो. मला तेव्हा हे सुचलंच नाही, मी उभी राहून ऐकत बसले.

परीक्षेची चौकशी तुमच्या जिल्ह्याच्या फुटबॉल संघटनेत करा, तिथूनच नावं जातात. सतरा नियम, लेखी, आणि पळण्याची चाचणी. पैशाचं म्हणाल तर पेट्रोल सुटतं, एवढंच धरून चला. आणि पहिली दोन वर्षं ती एकटी जाणार नाही हे बघा. सोबत एक ओळखीचा माणूस आणि मॅचनंतर बसायला एक खोली आहे का, हे संयोजकांना आधीच विचारा. मुलगी आहे म्हणून असं नाही, माझ्याबरोबरच्या मुलांनाही मारायला धावलेत.

एक राहिलं. चूक कबूल करायची हे मी लहान मुलांच्या मॅचबद्दल म्हणतेय. पेठांच्या मॅचला हजारो माणसं पेटलेली असताना, मैदानाच्या मधोमध उभं राहून तिनं असं करावं असं मी म्हणणार नाही. तिथं आधी सुखरूप बाहेर यायचं आणि मग रिपोर्टमध्ये खरं लिहायचं. दादा असल्या मॅच खेळलेला माणूस आहे, रेफरीला पळताना त्यानं डोळ्यांनी बघितलंय, त्याचं बोलणं तिथून येतं हे मला कळतं. पण मी त्या दिवशी 14 वर्षांखालची मॅच करत होते.

आणि तिच्या पहिल्या मॅचला तुम्ही जालच. पलीकडच्या लाइनला उभे राहा, बाकांपासून लांब. लोक तिला काही बोलले तर मध्ये पडू नका. ती बाहेर आली की आधी पाणी द्या, मॅचबद्दल तिनं विषय काढला तरच बोला. माझ्या आईनं तसं केलं होतं. पंक्चरच्या दुकानासमोर आम्ही दोघी अर्धा तास भिजत उभ्या होतो, आणि ती फक्त एवढंच म्हणाली, “पुढची मॅच कधी आहे?”