अमेरिकन रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनची रंगवलेली पोर्श गाडी चोरीला गेली होती, मग मूळ चित्रं वाचली कशी?

थोडक्यात सांगायचं तर क्लिअर कोटमुळे, म्हणजे रंगावर मारलेल्या पारदर्शक लेपामुळे. १९६८ मध्ये जॅनिसने ही सेकंडहँड पोर्श ३५६ घेतली, साधारण साडेतीन हजार डॉलरला. रंगवायचं काम दिलं आपल्याच रोडीला, म्हणजे बँडचं सामान सांभाळणाऱ्या डेव्ह रिचर्ड्सला. त्याचे ५०० डॉलर. त्याने गाडीवर इंचभरही जागा रिकामी सोडली नाही. फुलपाखरं, कॅलिफोर्नियाचे डोंगर, एका बाजूला खुद्द जॅनिस आणि तिचा बँड. नाव काय तर 'विश्वाचा इतिहास'! सगळं झाल्यावर वरून हा लेप मारला, आणि तोच पुढे कामी आला.

१९६९ मध्ये गाडी चोरीला गेली. अशी गाडी चोरून लपवणार कुठे? दोन चौकांपलीकडचा माणूससुद्धा ती ओळखेल. म्हणून चोराने तिच्यावर करडा स्प्रे फासला. गाडी परत मिळाल्यावर रिचर्ड्सने तो करडा थर लेपावरून काढून टाकला आणि खालची चित्रं बऱ्यापैकी शाबूत निघाली.

पण आज फोटोत दिसते ती त्याच्या हातची चित्रकारी नाही. जॅनिस १९७० मध्ये गेली, पुढे गाडी घरच्यांनी वापरली, रंगाचे पोपडे उडाले आणि ती पुन्हा करडी केली गेली. नव्वदच्या दशकात जुने फोटो समोर ठेवून चित्रं नव्याने काढली. तरीही २०१५ च्या लिलावात तिला १७ लाख ६० हजार डॉलर मिळाले.