राइनोचं प्लगइन विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालवायचं असेल तर टार्गेट फ्रेमवर्क कोणतं निवडावं?

तुमचा प्रश्न असा आहे: राइनो या थ्रीडी मॉडेलिंग सॉफ्टवेअरसाठी सी शार्पमध्ये लिहिलेलं प्लगइन विंडोजवर राइनो ७ आणि ८ मध्ये, शिवाय मॅकवर राइनो ८ मध्ये चालायला हवं. मग टार्गेट, म्हणजे डॉट नेटच्या ज्या आवृत्तीसाठी बिल्ड करायचं ती, नेट४८ (डॉट नेट फ्रेमवर्क ४.८) ठेवायचं, नेटस्टँडर्ड२.० ठेवायचं, की सरळ नेट८ वर जायचं? आणि सगळ्यात नवीन घेतलं तर ते जास्त वर्षं टिकेल का?

आधी उत्तर सांगतो. प्लगइन नेट४८ आणि नेट७.० अशा दोन्ही टार्गेटसाठी बिल्ड करा. आकडेमोडीचा भाग नेटस्टँडर्ड२.० च्या वेगळ्या लायब्ररीत काढा. नेट८ सध्या घेऊ नका.

प्लगइन स्वतःचं रनटाइम, म्हणजे कोड चालवणारी यंत्रणा, सोबत आणत नाही. ते राइनोच्या प्रोसेसमध्ये शिरतं, आणि राइनो ज्या रनटाइमवर उभा आहे त्यावरच त्याला चालावं लागतं. विंडोजवरचा राइनो ७ डॉट नेट फ्रेमवर्कवर चालतो. २०२३ च्या नोव्हेंबरात राइनो ८ आला तो डॉट नेट ७ घेऊन, विंडोज आणि मॅक दोन्हीकडे. म्हणून 'नवीन म्हणजे टिकाऊ' हा हिशेब प्लगइनला लागू पडत नाही. टार्गेट म्हणजे 'निदान एवढं तरी मला हवंच' अशी अट. नेट८ लिहिलंत की तुमची डीएलएल (बिल्डमधून तयार झालेली फाइल) सिस्टिम.रनटाइमची ८.०.०.० आवृत्ती मागते. राइनो ७ मध्ये ती नाहीच, आणि डॉट नेट ७ वर चालणाऱ्या राइनो ८ मध्येही नाही. वापरणाऱ्याला फक्त 'फाइल किंवा असेंब्ली लोड करता आली नाही' एवढाच मेसेज दिसतो. उलट नेट७.० साठी बांधलेलं प्लगइन डॉट नेट ८ वर चालतं. डॉट नेट ७ चा सपोर्ट मे २०२४ मध्ये संपल्यामुळे बिल्ड करताना पिवळी वॉर्निंग येईल, तिला घाबरू नका. सुरक्षेचे अपडेट होस्टच्या, म्हणजे इथे राइनोच्या, रनटाइमला लागतात, तुमच्या टार्गेटच्या आकड्याला नाही.

आता तुम्ही म्हणाल, नेट४८ ची डीएलएल राइनो ८ सुद्धा लोड करतो, मॅकवरही करतो, मग दुसरं टार्गेट कशाला? मीही असंच धरून चाललो होतो. इथे नागपुरात मी आर्किटेक्ट लोकांसाठी प्लगइन लिहितो. त्यातलं एक दर्शनी भागाच्या जाळीचं आहे. आपलं शहर साधारण २१.१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. पश्चिमेच्या भिंतीवरचं ऊन मात्र संध्याकाळपर्यंत हटत नाही. प्लगइन वर्षभराचे सूर्यकोन काढतं आणि त्यावरून जाळीच्या प्रत्येक पट्टीचा कल ठरवतं. मोठ्या भिंतीला पाच-सात मिनिटं लागतात, म्हणून 'कॅन्सल' बटण दिलं होतं.

एका ऑफिसने राइनो ८ घेतला. प्लगइन लोड झालं, सगळ्या कमांड चालल्या. मी निर्धास्त होतो. चौथ्या दिवशी फोन आला, "भाऊ, केव्हाचं कॅन्सल दाबून राहिलो, हे थांबूनच नाही राहिलं." जाऊन पाहिलं तर त्या बटणामागे मी थ्रेड.अबॉर्ट वापरलं होतं. डॉट नेट फ्रेमवर्कवर ते थ्रेड थांबवतं. डॉट नेट ५ पासून पुढे ते 'प्लॅटफॉर्म नॉट सपोर्टेड' असं एक्सेप्शन फेकतं. माझा ट्राय-कॅच ते एक्सेप्शन गिळत होता आणि मोजणी मागे तशीच सुरू होती. नंतर मी कॅन्सलेशन टोकन (मोजणीने स्वतःच मधूनमधून तपासायची 'थांब' अशी खूण) वापरून तो भाग नव्याने लिहिला.

ही चूक मला आधी का दिसली नाही? माझं एकच टार्गेट होतं, नेट४८, आणि त्या टार्गेटच्या दृष्टीने थ्रेड.अबॉर्टमध्ये काहीच वावगं नव्हतं. नेट७.० सोबत असतं तर कंपायलरने सिसलिब०००६ ही वॉर्निंग त्याच ओळीवर दिली असती. म्हणून दुसरं टार्गेट पहिल्या दिवसापासून ठेवा असं मी आग्रहाने सांगतो. ते वेग वाढवण्यासाठी नाही, राखणीसाठी हवं. ॲपडोमेन.क्रिएटडोमेन, रिमोटिंग, अशी डॉट नेट फ्रेमवर्कमध्येच राहिलेली बरीच मंडळी त्यात सापडतात. फक्त विंडोजवर चालणारे कॉल असतील तर त्याचीही वेगळी वॉर्निंग येते, आणि मॅकचं मशीन जवळ नसलेल्यांना तिचा फार आधार आहे.

सीएसप्रोज या प्रोजेक्टच्या फाइलमध्ये टॅगचं नाव अनेकवचनी लिहायचं, टार्गेटफ्रेमवर्क्स, आणि दोन नावांमध्ये अर्धविराम. शेवटचा 'स' राहिला तर अर्धविरामासकट ते एकच नाव समजलं जातं आणि बिल्ड अडतं. राइनोकॉमनचं (प्लगइन ज्यातून राइनोशी बोलतं त्या लायब्ररीचं) पॅकेज तुम्हाला चालवायच्या असलेल्या सर्वांत जुन्या राइनोचं घ्या, म्हणजे ७ चं, आणि त्याची डीएलएल आउटपुटमध्ये कॉपी होऊ देऊ नका. खिडक्या-डायलॉग ईटो.फॉर्म्समध्ये करा, ते विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालतं. फक्त विंडोजचं विनफॉर्म्स किंवा डब्ल्यूपीएफ घेतलंत तर नेट७.० पुढे '-विंडोज' लावावं लागतं आणि मॅकचा विषय तिथेच संपतो.

नेटस्टँडर्ड२.० बद्दल. २०१७ चं हे स्टँडर्ड दोन्ही रनटाइमना समजतं, त्यामुळे सूर्यकोनासारखं शुद्ध गणित त्यात छान बसतं आणि त्याच्या टेस्ट राइनो न उघडता चालतात. (२.१ घेऊ नका, डॉट नेट फ्रेमवर्क ते ओळखत नाही.) पण अख्खं प्लगइन त्यात कोंबू नका. राइनोकॉमनचं पॅकेज त्या टार्गेटसाठी बनलेलं नाही, आणि मग न्यूगेटच्या (पॅकेज आणणाऱ्या साधनाच्या) वॉर्निंग दाबत बसावं लागतं.

बाहेरची पॅकेजेस मोजून घ्या. नेट४८ वर सिस्टिम.टेक्स्ट.जेसन घेतलं की त्याच्यामागे सिस्टिम.मेमरी, सिस्टिम.बफर्स अशी रांग येते. आवृत्त्या जुळल्या नाहीत तर एरवी बाइंडिंग रीडायरेक्टने (मागितलेल्या आवृत्तीऐवजी दुसरी वापरायला सांगणाऱ्या नोंदीने) निभावतं, पण ते होस्टच्या एक्सईच्या कॉन्फिगमधून वाचलं जातं, तुमच्या प्लगइनच्या नाही. दुसऱ्या कुणाच्या प्लगइनने तीच डीएलएल जुन्या आवृत्तीत आधी लोड केली असेल तर तुमचं प्लगइन पडतं, आणि दोष कुणाचा हे शोधण्यात दिवस जातो. मी छोट्या सेटिंग्जसाठी जेसन सोडून साधी टेक्स्ट फाइल ठेवली आहे.

राइनो ७ वाले संपले की नेट४८ काढून टाकू, असं मनात असेल तर एक गोष्ट बघा. पुष्कळ आर्किटेक्ट राइनो रेव्हिट या इमारतींच्या डिझाइन सॉफ्टवेअरच्या आत चालवतात. रेव्हिट २०२४ पर्यंत डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ वर आहे, २०२५ मात्र डॉट नेट ८ वर. रेव्हिट २०२४ मध्ये उघडलेला राइनो ८ सुद्धा मग फ्रेमवर्कवरच चालतो. तुमच्या वापरणाऱ्यांकडे कोणतं रेव्हिट आहे ते विचारल्याशिवाय नेट४८ ला हात लावू नका.

तपासणीसाठी विंडोजवरच्या राइनो ८ मध्ये सेटडॉटनेटरनटाइम ही कमांड आहे. तिने रनटाइम बदलून राइनो पुन्हा सुरू करा, एकाच मशीनवर दोन्ही बाजू पाहता येतात. प्लगइन लोड झालं म्हणून थांबू नका. प्रत्येक बटण दाबा, कॅन्सल आधी.

तुमच्या प्लगइनमध्ये सी प्लस प्लसची एखादी नेटिव्ह लायब्ररी असेल तर मॅकसाठी ती वेगळी बांधावी लागेल, ॲपलच्या स्वतःच्या चिपसाठी आणि इंटेलसाठी. प्रश्नात तसा उल्लेख नाही. असेल तर सांगा, त्याबद्दल वेगळं लिहितो.